सासूबाईंच्या सायकलीमागे

जावयाचा मान तसूभरही कमी होऊ न देता त्याच्याकडून बैलासारखं काम करवून घेणारी बाई या पृथ्वीवर एकच झाली, आणि ती नेमकी माझी सासू होती. भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावाच्या बाजूला सरकारी नर्स म्हणून त्यांची उभी नोकरी सायकलवर गेली. नवरा लवकर वारलेला, एकुलती मुलगी मला देऊन चुकलेल्या. निवृत्तीनंतर माया करायला सायकल तेवढी उरली. ती रात्री अंगणात नव्हे, खाटेशेजारी उभी असे. चढ आला की तिला "चाल माय, चाल" म्हणत. घंटी माणसांसाठी वाजवत, देवळासाठी वाजवत आणि मोकळ्या रस्त्यावर उगाचच वाजवत. समोर कुणीही येवो, रामरामाच्या आधी हुकूम सुटे, "जीभ दाखव!" मुलगी पाहायला गेलो तेव्हा मलाही दाखवावी लागली होती. पोहे त्यानंतर आले.

ऐंशी सालच्या आसपास साकोलीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबीर ठरलं. डॉक्टर नागपूरहून फुकट येणार होते. पण डोळ्यांना पट्टी बांधून दिवसच्या दिवस पडून राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवू कोण घालणार? सासूबाई सभेत उठून म्हणाल्या, "तांदूळ मी आणते." कसा, तर सायकलनं गावोगाव फिरून. एक निवृत्त कंपाउंडर आणि दोन तरुण मास्तर लगेच तयार झाले. मी पौषातल्या थंडीत चार दिवस आयतं जेवायला सासुरवाडीला गेलो होतो. भंडाऱ्याच्या कचेरीत खुर्ची झिजवणं हा माझा एकमेव व्यायाम. "जवाईबापू, तुमी काई करू नोका जी, नुसते संगं राहा," त्या म्हणाल्या. संगं राहायचं म्हणजे सायकल चालवायची, हे मला करडीची वेस ओलांडल्यावर कळलं.

धान्य मागत फिरण्यातली मेख अशी की, पाय जसजसे थकतात तसतसं ओझं वाढत जातं. शिवाय प्रत्येक मुक्कामी मी जावई. मला पाट, मला दुधाची साय, मला आग्रह. तांदळाचं पोतंही फुगत होतं आणि मीही. दुसऱ्या दिवसापासून मी चढावर उतरून सायकल ढकलू लागलो, तर सासूबाई मागे येऊन एका हातानं माझी सायकल ढकलत आणि लोकांना सांगत, "जवाईबापू निसर्ग पाहून राहिले."

लाखनीजवळ एक ट्रक त्यांना घासून गेला. पुढच्या चहाच्या टपरीवर त्यांनी ड्रायव्हरला गाठलं. आता जुंपणार म्हणून मी कंपाउंडरच्या मागे सरकलो. "जीभ दिखा, बेटा," सासूबाई म्हणाल्या. त्यानं मुकाट्यानं दाखवली. "पानी पिया कर. और नींद लिया कर." तो इतका वरमला की सगळी पोती ट्रकमधून साकोलीला पोचवतो म्हणू लागला. माझे डोळे भरून आले. पण सासूबाई म्हणाल्या, "सायकलीनं आणते म्हटलं, तं सायकलीनंच आणीन."

त्याच दुपारी आम्ही आडवाटेच्या एका गावाला निघालो. रस्ता बोडीच्या, म्हणजे तिथल्या छोट्या तलावाच्या, पाळीवरून होता. काठावर बाया धुणं धूत होत्या. पुरुषासारखा पुरुष रिकामा आणि सासू पोतं वाहतेय, हे त्यांना दिसू नये म्हणून मी म्हटलं, "आई, ते मोठं पोतं मला द्या." त्या नको नको म्हणत असताना मी ते ओढून कॅरिअरला बांधलं. थोडं अंतर गेलो असेन; पुढचं चाक घोड्यासारखं वर उठलं आणि मी पोत्यासकट बोडीत.

"आंधी जवाईबापूले काढा!" असं ओरडत सासूबाई पाण्यात शिरल्या आणि त्यांनी आधी पोतं काढलं.

मग त्या पाळीवर बसल्या आणि ओला तांदूळ मुठीत घेऊन पाहू लागल्या. शिबीर परवावर आलं होतं आणि जमवलेल्यातला निम्मा तांदूळ माझ्यासारखाच निथळत होता. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढ्यात धुणं टाकून बाया जमल्या. "काय झालं जी बाई?"

सासूबाई उठल्या. पदर खोचला. "काई नाई. आमच्या जवाईबापूले आयते खावाशे वाटले. म्हणून तांदूळ भिजत घातले त्याइनं."

"एवढे?"

"जवाई हाय माया!"

त्या संध्याकाळी गावातल्या घराघरांतून पाटे वाजले. शाळेच्या पटांगणात चुली पेटल्या आणि त्या भिजल्या तांदळाचे पातळ, जाळीदार, घावनांसारखे आयते अख्ख्या गावानं खाल्ले. जावयाच्या डोहाळ्यांवर यथेच्छ हसून झालं. जाताना म्हातारे कशासाठी आलात म्हणून विचारत, आणि ऐकलं की घरी जाऊन सूपभर कोरडा तांदूळ घेऊन येत. सकाळी पोतं पहिल्यापेक्षा जड होतं. त्याला मला कुणी हातही लावू दिला नाही. शिबीर झालं आणि शेवटची पट्टी सुटेपर्यंत कुणी उपाशी राहिलं नाही.

पुढे काही वर्षांनी साकोलीच्या स्टँडवर मी बसची वाट पाहत होतो. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक म्हातारी बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. शेवटी जवळ आली.

"तुमी त्या सायकलवाल्या बाईचे जवाई न जी?"

"हो."

"बाई बरी हाय न?"

सासूबाईंना जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. मी तोंड उघडलं; पण त्या भिंगांमागचे डोळे इतके आनंदानं माझ्याकडे पाहत होते की मला वेगळं काही बोलवेना.

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

"माया रामराम सांगजा त्याइले."

"सांगतो," म्हणालो आणि बस आली नव्हती तरी रस्त्याकडे बघत उभा राहिलो.