डबल मशीन

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. त्या हळदीतही मी तेच केलं.

दादाचा आणि माझा ठाकुर्लीत साउंडचा धंदा. मशीन, म्हणजे अॅम्प्लिफायर, उचलायचे, वायरी ओढायच्या, गिऱ्हाइकाशी बोलायचं, ते माझ्याकडे. आवाज लावायचा दादाने. मंडपात डोळे मिटून उभा राहायचा आणि कुठला स्पीकरचा बॉक्स दमलाय ते नुसतं ऐकून सांगायचा. आमचं घर त्याच्या दोन कानांवर चालायचं.

हळद होती गावातल्या जुन्या जमीनवाल्यांकडे. समोरच्या गल्लीत त्यांच्या भावकीचीही त्याच दिवशी. नवऱ्याचा मामा मला बोलला, "त्यांचा आवाज आपल्या मंडपात आयकू आला नाय पायजे." मी छाती ठोकून बोललो, "मामा, डबल मशीन लावतो. डबल आवाज!"

टेम्पोत दादाने मला झापलं. "अरे गाढवा, पावर डबल केली तर जेमतेम कळतं, थोडं वाढलंय म्हणून. कानाला दुप्पट वाटायला दहापट पावर लागते. त्यापेक्षा बॉक्स माणसांच्या जवळ आण. अंतर अर्धं केलंस की चौपट मशीन लावल्यासारखं आहे."

"दादा, शाळा नको. लोक मशीन मोजतात."

मोजतातच. आधी मशीन मोजतात, मग नवऱ्याला हळद लावतात. म्हणून मी सगळे बॉक्स मंडपाच्या दाराशी रचले, येणाऱ्याला दिसावेत म्हणून. नाचणारे राहिले लांब, पार आत.

संध्याकाळी नवरा पाटावर बसला. चारच्या जागी आठ मशीन चालू केले. आवाज वाढला, पण किती? नखभर! समोरचा ठेका आमच्या मंडपात तसाच धडधडत होता, आणि तिकडचे लोक गल्लीच्या तोंडाशी येऊन हसत होते.

मामा तरातरा दादाकडे गेला. "कुठं हाय डबल?"

दादाला खोटं बोलता येत नाही. तो शांतपणे सांगायला लागला, "मामा, तसं नसतं, दहापट..." मामाला वाटलं, हा आपली मस्करी करतोय. त्याने दादाच्या उजव्या कानावर सणसणीत ठेवून दिली. दादा मशीनवर आदळला. तो उठतोय तोवर मामाच्या एका माणसाने माईकचा लोखंडी स्टँड त्याच्या डाव्या कानशिलावर हाणला.

माझं डोकंच फिरलं. तोच स्टँड हिसकावून मी मामाच्या तोंडावर मारला. दात पडले, हळदीच्या ताटात रक्त सांडलं, बायका किंचाळल्या. मग आठ-दहा जण माझ्यावर तुटून पडले. लाथा, बुक्के, खुर्च्या. बरगडी मोडली तेव्हा मला पोटातून ओकारी आली. दादा जमिनीवर बसलेला, दोन्ही कानांतून रक्त, आणि मला ओरडून विचारत होता, "गाणं का बंद केलंस?"

गाणं चालूच होतं.

ठाण्याचे डॉक्टर बोलले, उजवा कान गेला, डाव्यात थोडंसं उरलंय. मामाला मी आजही शिव्या घालतो. पण डबल हा शब्द माझ्या तोंडचा होता, त्याचं काय करू?

दादा आता दुकानात बसून वायरींना सोल्डर मारतो. परवा मी त्याला दारातून जेवायला हाक मारली. मान वर नाही. पुन्हा मारली. मग असा ओरडलो की शेजारचा चहावाला बाहेर आला. तेव्हा कुठे दादाने वर बघितलं. हातातलं काम खाली ठेवलं आणि बोलला, "ओरडू नको रे. जवळ ये."