मागच्या नळीचं पाणी

सकाळी कुकरमध्ये पाणी घालायला विसरले आणि रबर जळल्याचा वास घरभर झाला. त्या वासाने वरळी कोळीवाड्यातली, लग्नानंतरची माझी पहिली नारळी पौर्णिमा आठवली, आणि राग तसाच उसळला.

सजवलेल्या होडीत सगळं घर बसलं होतं. इंजिन थंड करून समुद्राचं पाणी मागच्या नळीतून धो धो बाहेर पडत होतं. मध्येच ते थांबलेलं मला दिसलं. मी हळूच सासऱ्यांना म्हटलं, "मामा, नळीचं पाणी बंद झालंय."

"गप बस गो! इंजिनातलं तुला काय कळतं?"

थोड्याच वेळात रबर जळल्याचा धूर आला आणि इंजिन बंद पडलं. "बाईमाणूस असून हिने इंजिनावरची फळी ओलांडली, म्हणून झालं हे!" मामा सगळ्यांदेखत ओरडले.

नवऱ्याने बुडी मारली. होडीच्या तळाला, पाणी आत घेणाऱ्या भोकात, सजावटीला आम्हीच बांधलेली प्लास्टिकची माळ सुटून अडकली होती. ती सगळ्यांनी पाहिली. तरी किनाऱ्यावर मामांनी माझ्या पायाचा दोष काढायला दुसरा नारळ फोडला आणि त्याच्या करंज्या मलाच करायला लावल्या.

जेवताना त्यांनी आणखी दोन मागितल्या. मी मुकाट्याने वाढल्या. त्या वाढल्या याचाच राग अजून जात नाही.