एकटं राहिलेलं तलवार बदक

तर सांगता सांगता मी माझ्या शिंकेपाशी आलो होतो. ती अशी काही सुटली की तळ्यावरचा सगळा थवा वर उठला, आणि कुजबुजे माझ्याकडे बघायला लागला, जणू मी त्याचं घर पेटवलंय! तेव्हापासून पक्षी बघायला निघालो की माझी जागा रांगेत शेवटची, खिशात दोन रुमाल आणि तोंडाला कुलूप. माझ्या तोंडाला! घरी सांगितलं तर नातवंडं हसून लोळली.

कुजबुजे हे काही त्याचं आडनाव नव्हे. गडी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. तिथं मोटारींची घरघर एवढी, की 'पाना दे' म्हणायलासुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. आठवडाभर असा बोंबलणारा माणूस, पण सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवली की कुजबुजायला लागतो. नियम एकच. दुर्मीळ पाखरू दिसलं की हलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, जवळ तर अजिबात जायचं नाही. "बसू दे त्याला," म्हणायचा. "स्थिरावलं की आपणहून सगळं दाखवतं."

यंदा वसंतातल्या फेरीला त्याची मुलगी बरोबर होती. सासरहून न कळवता आली होती, भली मोठी बॅग घेऊन. सकाळी त्याला हाक मारायला गेलो, तर वहिनींनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

"भाऊजी, पोरगी आईबापाच्या घरात दाराला आतून कडी लावून झोपते. जावयाचा फोन वाजला की पांढरीफटक पडते. आणि आता म्हणते, उद्याच्या गाडीनं परत जाते."

"मग विचारा की तिला!"

"विचारू देतात कुठं? 'बसू दे तिला' म्हणतात. ती आल्यापासून घरात चपलासुद्धा हातात घेऊन चालतात. तुम्ही बोला त्यांच्याशी. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुमचा!"

बोलणार कसा? तो रांगेत सर्वांत पुढं, त्याच्यामागं कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई, मग मुलगी, आणि शेपटीला मी. टेकडी चढताना मी तिला हळूच माझ्या शिंकेची गोष्ट सांगितली. खुदकन हसली, आणि लगेच मागं वळून पाहिलं. मागं नुसती रिकामी पायवाट होती. पुढंही ती तशीच चालली, दर वळणावर मागं बघत. ओढ्यावर धोबी पक्षी शेपटी नाचवत होते, बाई खूश होत्या. माझं मात्र त्या दिवशी पाखरांत लक्ष लागेना.

दुपार कलल्यावर तळ्यावर पोचलो. थंडीत इथं बदकांची जत्रा असते, पण वसंत लागला की सगळी उत्तरेला निघून जातात. पाण्यावर थोडे बगळे आणि लांबटांग्या शेकाट्यांचा घोळका, एवढंच. तेवढ्यात कुजबुजेचा हात वर गेला. आम्ही जागच्या जागी बसलो. लव्हाळ्याच्या कडेला एकच तलवार बदक होतं, शेपटीला लांब टोक असतं ते.

"या दिवसांत? तलवार बदक?" बाईंचा आनंद आवरेना. "हवामान बदलतंय, दुसरं काय! ऊब मिळाली, राहिलं."

सगळे कुजबुजेच्या तोंडाकडे बघायला लागले. अवेळी दिसलेल्या पाखराचा अर्थ लावावा तो त्यानंच. त्यानं दुर्बीण डोळ्यांवरून बराच वेळ काढली नाही. मग हलकेच म्हणाला, "पाणी आवडलंय त्याला. राहील चार दिवस, जाईल आपलं आपण."

मुलीनं त्याच्या हातातून दुर्बीण घेतली.

"बाबा, त्याचा पंख लोंबतोय."

"दिसला मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सगळे जवळ गेले असते. घाबरलं असतं."

"आणि मी?"

हे तिनं कुजबुजून नव्हे, साध्या आवाजात विचारलं. बाईंनी दचकून 'श्श्' केलं. मी बाईंचा दंड धरला आणि मानेनंच नको म्हटलं.

"मला बघून तुम्ही खोलीतून उठून जाता. चहा दाराशी ठेवता. मी रोज म्हणतेय, आज विचारतील, आता विचारतील. मग वाटलं, मी आलेली तुम्हाला नको आहे. कधी जाते याचीच वाट बघताय." तिनं दुर्बीण त्याच्या हातात परत दिली. "उद्या जाऊ का, बाबा?"

कुजबुजेच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतक्या वर्षांत पाखरासमोर कधी मान वर न काढलेला माणूस सरळ उभा राहिला आणि पंपघरात काढतो तो आवाज त्यानं तळ्यावर काढला. बगळे, शेकाटे सगळे एका झपाट्यात वर उठले. ते बदक तेवढं जागच्या जागी फडफडलं. कुजबुजेचे शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात:

"नाही! जायचं नाहीस तू! त्यानं काय केलं ते सांग मला, आत्ता, इथंच, सगळं सांग. उडू देत ती पाखरं!"