पांढरी धूळ आणि मामांचा आवाज

"पांढरी हाय ना? मंग काय भ्यायचं!" असं म्हणत मामा दोन्ही बाह्या फटाफट झटकायचे आणि समोर उभा असलेला माणूस ठसकायला लागायचा. जालन्याच्या आमच्या तेल मिलमध्ये संध्याकाळचा भोंगा झाला की हा कार्यक्रम ठरलेला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यावर चिडून जावं आणि हसत परत यावं.

मिलच्या बॉयलरवर आणि वाफेच्या पाइपांवर उष्णता धरून ठेवणारा जाड लेप चढवणं हे मामांचं काम; सगळी मिल त्यांना मामाच म्हणायची. अ‍ॅस्बेस्टॉसची पूड घमेल्यात ओतायची, पाणी घालून कणकेसारखी मळायची आणि पाइपांवर थापायची. जुना लेप तडकला की हातोडीनं फोडायचा. तेव्हा त्या धुरळ्यात मामा दिसेनासे व्हायचे, नुसतं बोलणं ऐकू यायचं. मी तिथं फिटर होतो. कोळशाच्या काळ्या धुळीला मामा तोंडाला पंचा बांधायचे, पांढरीला कधीच नाही. पांढरं म्हणजे स्वच्छ, असं त्यांचं मत. खरं सांगतो, आम्हा सगळ्यांचंच होतं. दुसरं काही सांगणारं होतं कोण?

घशात पूड गेलीच तर त्यावर गुळाचा खडा. "खा भाचेबुवा, समदी धूळ बराबर खाली जाती," म्हणत ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवायचे. नको म्हणायची सोय नव्हती.

पण मामा खरे मामा व्हायचे ते मांडवात. आमच्या बौद्ध वस्तीतली लग्नं तेच लावायचे. पांढराशुभ्र सदरा घालून तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले, की त्यांनी वंदनेची एक ओळ म्हणायची आणि मागून अख्ख्या मांडवानं. लाउडस्पीकर आणला तर त्यांना अपमान वाटायचा. "का रं, मी मेलो का?" म्हणायचे.

मग खोकला लागला. टीबी असणार, असं सगळेच म्हणाले. इंजेक्शनं झाली, काही उतार पडेना. विहिरीवरून घरापर्यंत येताना मामा दोनदा बसायला लागले. शेवटी मी त्यांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाकडे धरून विचारलं, "काम काय करता?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मामांनी हौसेनं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, वर्षानुवर्षं ती धूळ आत बसलीय, फुप्फुसं कडक झालीत, आता ती बाहेर काढायला औषध नाही.

मामांनी एकच विचारलं, "पोरीचं लग्न लावायचंय सायेब. तेवढा आवाज राहील ना?"

डॉक्टरनं फोटो पाकिटात घालून माझ्या हातात दिला. परतीच्या एसटीत मामा म्हणाले, "म्हंजी गूळ फुकटच गेला म्हणा की!" मला हसू आलं, आणि मिलमालकाचा असा संताप आला की विचारू नका.

मुलाकडचे तीर्थपुरीचे. मुलाचा चुलता भला माणूस, पण त्याला राहवेना. "मामा, तुम्हाला दम लागतो. लग्न लावायला आमच्याकडचा माणूस आणतो," तो म्हणाला. मामा म्हणाले, "नवरदेव खुशाल आणा की. लग्न मीच लावणार."

मांडवात ते उभे राहिले. पहिल्या ओळी निघाल्या, हळू, पण निघाल्या. आणि दुसऱ्या आवर्तनाचं "दुतियम्पि" म्हणून जे थांबले, ते थांबलेच. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. चुलत्यानं सोबत आणलेल्या आपल्या माणसाकडे पाहिलं. कुणी पुढची ओळ उचलली असती तर मामा तिथंच कोसळले असते.

तेवढ्यात नवरी म्हणाली, "बाबा, मी म्हणते. तुम्ही मागून म्हणा."

तिनं ओळ म्हटली. जन्मभर सगळ्यांना म्हणायला लावणारे मामा लेकीच्या मागून म्हणू लागले. एकेक शब्द, मध्ये श्वास, पुन्हा शब्द. ती ते पुरं होईपर्यंत थांबायची, मगच पुढची ओळ घ्यायची. लग्न लागायला उशीर झाला, जेवणं लांबली.

वर्ष सरायच्या आत मामा गेले. पुण्यानुमोदनाला वंदना लेकीनंच घेतली. तिनं ओळ म्हटली, आम्ही मागून म्हटली. तरी ती गप्पच. पुढच्या ओळीलाही तसंच. कुणीतरी म्हातारं हळूच म्हणालं, "म्हण ना माय पुढं."

तिनं मान वळवली नाही.

"थांबा ना जरा. बाबा मागून येऊन राह्यले."

आम्ही थांबलो.