जरीनाभाभींची मेस

श्रीगोंद्यात फॅक्टरीच्या रस्त्याला जरीनाभाभींची मेस आहे. मी फॅक्टरीत फिटर. लग्न होईपर्यंत तिथंच जेवलो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. भाभी विधवा आणि तोंडाच्या फटकळ. कुणी ताटात अन्न टाकलं की सगळ्यांदेखत बोलायच्या. तरी माणसं यायची, कारण बाजरीच्या भाकरीला तसा हात दुसरा नव्हता.

एका शिबिरात त्यांनी हौसेनं रक्तदान केलं. पुढं रक्तपेढीतून फोन आला : तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा एक विषाणू सापडलाय. मुलगी मेहरीनला घेऊन त्या नगरला, सावेडीत डॉक्टर निकिताबाईंकडे गेल्या. तिथलं बोलणं भाभींनीच मला सांगितलं.

"मेसमधल्या निम्म्यांना करोना झाला, समदे बरे झाले. मग ह्योच का जाईना?"

"करोना, डेंगी, गोवर हे आरएनएचे विषाणू," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा डीएनएचा आहे. तो यकृताच्या पेशींच्या गाभ्यात जाऊन बसतो, म्हणून मुळापासून काढता येत नाही. डीएनएवाले सगळेच असे चिवट असतात असं नाही. पण कांजिण्यांचा बघा, तोही डीएनएचा. माणूस बरा झाला तरी तो नसांत दडून राहतो आणि कधीतरी नागीण होऊन उठतो."

"मग मी भाकरी थापू का नको?"

"खुशाल थापा, ताई. हा रक्तातून पसरतो, जेवणातून नाही. बोट कापलं तर तेवढं झाकून घ्या आणि तपासणी चुकवू नका. मेहरीनचंही रक्त तपासू, गरज असेल तर लस देऊ."

मेहरीनला काही निघालं नाही. बातमी मात्र श्रीगोंद्यात आधीच पोचली होती. फॅक्टरीच्या वजनकाट्यावरचे बन्सीतात्या, तेही रोज इथंच जेवणारे, मेसच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"भाभी, थोडे दिवस मेस बंद ठिवा. पोरं घाबरल्यात."

भाभींचे हात पिठात होते. "थोडे दिवस म्हंजे? ह्यो जल्मभर ऱ्हानार हाय."

"मग बघा की तुमीच."

"तात्या, मागल्या साली तुमाला नागीण उठली. अंगाला सदरा सोसत नव्हता, तवा मऊ भात कुनी धाडला? लहानपनच्या कांजिन्यांचा विषाणू तुमीबी अंगात घिऊनच हिंडताय. त्योबी डीएनएचा, माझाबी डीएनएचा. तुमाला कुनी काट्यावरनं उठवलं का?"

तात्या गडबडले. "तसं न्हाई वो, लोक म्हनत्यात."

"लोकांना हितं यिऊन म्हनू द्या."

कुणी आलं नाही. जेवायलाही आलं नाही. आम्ही पाच-सहाजण उरलो. भाभी तेवढ्यांसाठी चूल पेटवत राहिल्या, कुणाची मनधरणी करायला गेल्या नाहीत. हळूहळू काही परतले. तात्या परतले नाहीत, रस्त्यात दिसले की मान फिरवायचे आणि भाभी मुद्दाम मोठ्यानं हाक मारायच्या, "तात्या, जेवला का?"

नवा माणूस आला की त्या आधीच सांगत, "मला काविळीचा विषाणू हाय. जेवनातनं लागत न्हाई. बसायचं तर बस." काहीजण आल्या पावली जायचे.

एकदा मी विचारलं, "भाभी, कशाला सांगता? वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "पन लपवलं तर मी कायतरी केलंय असं हुईल. मी काय केलंय?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि दारात घुटमळणाऱ्या एका नव्या माणसाला विचारलं, बसतोयस का जातोयस.