बोट ठेव, तम्मी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमचा गैरसमज व्हायला नको. जीपचा हॉर्न वाजला की रस्ता सोडून गटाराच्या कडेला उभा राहणाऱ्यांतला मी. सोलापुरात कोर्टासमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं 'अन्याय झाला आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, पण स्वतः कुणाच्या तोंडावर तसं म्हणायची छाती कधी झाली नाही. अशा माणसाला सावित्रम्मानं विधानसभेच्या निवडणुकीत आपला सूचक केलं, म्हणजे तिच्या अर्जावर नाव सुचवणारा म्हणून सही माझी.

साखर पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिची एक खोली होती. नवरा हातमागावर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि सकाळपासून बिड्या वळणं, असा तिचा दिवस. माझी बायको मीनाबाई तिच्याकडंच बिडी वळायला शिकली. माझी मुलगी सोना शाळेतून आली की आधी तिच्या चुलीपाशी जायची, मग घरी यायची. मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला तम्मी, तेलुगूत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

कारखान्यात बिड्या द्यायला गेलं की तपासनीस त्यातल्या मूठभर 'छाट' म्हणून बाजूला फेकायचा. छाट म्हणजे खराब. त्यांची मजुरी नाही आणि त्या परतही मिळत नाहीत. एके दिवशी सावित्रम्मानं त्या ढिगातली एक उचलली, ओठात धरली आणि मॅनेजरच्या समोर काडी ओढून पेटवली. जन्मात बिडी ओढलेली नव्हती बाईनं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाली, "पेटती की ओ सायेब. मंग खराब कशी?"

बायका हसल्या, आणि त्या हसण्यातच सगळी भीड गेली. अकरा दिवस त्या कारखान्याच्या दारात बसल्या. छाट कमी झाली. तेव्हापासून पेठेत कुणाचं रेशनकार्ड अडो, कुणाला दवाखान्यात खाट न मिळो, पहिला प्रश्न एकच असायचा, "सावित्रम्मा कुटं हाय?"

अठ्ठ्याहत्तर सालच्या विधानसभेला बायकांनीच तिला उभं केलं. ती म्हणाली, "उभी ऱ्हाते. पण चिन्न सूप मिळंल का, इचारून ये तम्मी." चिन्हं माघारीची मुदत संपल्यावर वाटतात, हे मी तिला तीनदा समजावून सांगितलं. तरी ती रोज विचारायची.

आमची एक रीत होती. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. सही तेवढी तेलुगूत यायची, तीही सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी. मी कागद मोठ्यानं वाचायचो. मग ती म्हणायची, "बोट ठेव, तम्मी." मी जिथं बोट ठेवीन तिथं ती सही करायची. आमच्या गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं, आणि माझं दुर्दैव असं की गल्लीबाहेरही माहीत होतं.

माघारीला दोन दिवस उरले असताना कारखान्याचा मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. जीप त्यानं लांब उभी केली होती. मी उठून आधी पाणी विचारलं. भित्रा माणूस आधी पाणी विचारतो.

"बसा की ओ यशवंतराव," तो म्हणाला आणि दोन लिहिलेले कागद माझ्यापुढं सरकवले. एक उमेदवारी मागं घेतल्याचा अर्ज, दुसरं तो दाखल करायला सूचकाला अधिकार दिल्याचं पत्र. "बाईंनी स्वतः यायची गरज न्हाय. सूचकानं आणून दिला तरी चालतो. मी नियम बघून आलोय."

"अक्का न्हाय ऐकायच्या," मी म्हणालो.

"त्यांना सांगायचं कशाला? तुमी बोट ठेवता तितं त्या सही करतात." मग इकडंतिकडं बघत अगदी घरच्यासारखं बोलला, "मुलगी नववीत ना तुमची? काल शाळेच्या फाटकाशी चिंचा खात उभी हुती. डाव्या येणीची रिबीन सुटलेली. नीट बांधत जा म्हणावं. येकटी येती-जाती पोर."

धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. पोलिसात गेलो असतो तर काय सांगणार होतो, रिबिनीची तक्रार? संध्याकाळी मी सोनाला विचारलं, "काल रिबीन सुटली हुती का गं तुजी?"

"व्हय की! डाव्या बाजूची. तुमाला कसं कळलं आबा?"

त्या रात्री जेवण गेलं नाही. मीनाबाईनं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. दुसऱ्या दिवशी सोना शाळेला निघाली तसा मी अंतर ठेवून तिच्यामागं गेलो. फाटकासमोरच्या पानटपरीला टेकून एक माणूस उभा होता. तो तिथं रोजच उभा राहणारा असेल, मला कुठं माहीत. मी धंद्यावर गेलोच नाही, शाळा सुटेपर्यंत तिथंच थांबलो. तो माणूसही थांबला.

माघारीच्या दिवशी दुपारी दीडला मी सावित्रम्माच्या खोलीत गेलो. पिशवीत पाच कागद होते. लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज, मतदान केंद्रावर बसणाऱ्या बायकांची यादी, सभेच्या जागेसाठी पत्र. आणि खाली ते दोन.

पहिले तीन मी वाचून दाखवले. तिनं तीन सह्या केल्या. चौथा कागद काढला आणि वाचलाच नाही. नुसतं बोट ठेवलं.

ते बोट कापत होतं. मी दाबून धरलं तसं जास्तच कापायला लागलं. ती बोटाकडं बघत राहिली. मग वर माझ्या तोंडाकडं बघितलं. मी खाली मान घातली. बाहेर कुणाच्या तरी घरात माग खटखटत होता.

"सोनी शाळंला गेली?" तिनं विचारलं.

"व्हय."

"येकटीच?"

मी बोट आणखी दाबून धरलं. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं, बोटं पदराला पुसली आणि चौथ्या कागदावर सही केली. पाचव्यावर केली. नेहमीसारखीच, सावकाश, एकेक अक्षर.

"जा तम्मी," ती म्हणाली. "तीनच्या आत जा."

मी पिशवी उचलून बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत आलो तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. माघारीची मुदत तीनला संपते, हे मी तिला त्या दिवशी सांगितलंच नव्हतं. मागं वळायला हवं होतं. वळून म्हणायला हवं होतं, अक्का, फाडतो हे, काय व्हायचं ते होऊ दे. कुणीही वळला असता. मी मात्र पावलं उचलली ती निवडणूक कचेरीकडंच.

कचेरीत साहेबानं सही जुळवून बघितली. "बाई स्वतः का नाही आल्या?"

"तब्येत बरी न्हाय," मी म्हणालो. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी तिथून थेट शाळेच्या फाटकाशी गेलो. टपरीपाशी कुणी नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

संध्याकाळी माघारीची बातमी आली आणि गल्ली पेटली. नागव्वा नावाची म्हातारी, अकरा दिवस सावित्रम्माच्या मांडीला मांडी लावून बसलेली, तिच्या दारात उभी राहून ओरडली, "आमाला उनात बशिवलीस आन् सोता इकली गेलीस व्हय गं?" सावित्रम्मा आतून बघत राहिली. मग नागव्वा माझ्याकडं वळली. "यशवंता, तुला तरी म्हाईत हुतं का?"

आता सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. सावित्रम्माही बघत होती. तिनं अगदी थोडी मान हलवली. नको, अशी.

"मला काय म्हाईत," मी म्हणालो.

त्यानंतर तिच्या दारात कुणी गेलं नाही. मीनाबाईही नाही. निवडणूक झाली, कुणी निवडून आलं, कारखान्यात छाट पुन्हा वाढली. पुढच्याच महिन्यात कारखान्यानं नागव्वाचं कामाचं कार्ड कापलं, तिचं काम बंद झालं. तेव्हा सावित्रम्मा एकटीच चालत माझ्या टेबलापाशी आली.

"नागव्वाचा अर्ज लिव्ह," ती म्हणाली. "माज्या नावानं दे. ती माजं तोंड बगत न्हाई, पर तिचं पोट हाय की."

मी लिहिला. मग मोठ्यानं वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा सुरुवात केली तशी ती म्हणाली, "बास की रे. बोट ठेव, तम्मी."

बोट पुन्हा कापायला लागलं. तिनं डाव्या हातानं ते धरलं, घट्ट, आणि उजव्या हातानं सही केली.

कार्ड परत मिळालं. ते कुणामुळं मिळालं, हे नागव्वाला मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक सांगितलं की मागचंही सांगावं लागणार.

पुढच्या वर्षी सोना दहावीत गेली. एके सकाळी ती उंबऱ्यात बसून वेण्या घालत होती. समोरून सावित्रम्मा पानांचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालली होती. जाताना तिनं सोनाकडं बघितलं, नेहमी बघायची तसं, सगळं ठीक आहे ना, असं. सोनानं तोंड फिरवलं.

"आबा," ती रिबिनीची गाठ मारत म्हणाली, "ही बाई खरंच इकली गेली हुती ना?"

मी शाईची बाटली पिशवीत ठेवली. पेन ठेवला. चप्पल घातली.

"लोक म्हणत्यात," मी म्हणालो, आणि कामाला निघालो.