वरच्या पाण्याशी भांडण

खर्रा किती वर्षांपासून खाता, हा प्रश्न मला धंतोलीच्या दवाखान्यात सगळ्यांनी विचारला. केसपेपर करणाऱ्या मुलीने विचारला, रक्त काढायला आलेल्या माणसाने विचारला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला आलेल्या तिच्या जावेनेही विचारला. आमच्या नागपुरात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गल्लोगल्ली विकतात, त्याला खर्रा म्हणतात. जिभेचा कर्करोग म्हटला की इथल्या माणसाला दुसरं कारण सुचतच नाही. मी जन्मात कधी खर्रा चाखला नाही. सुपारीसुद्धा फक्त पूजेच्या विड्यावर ठेवण्यापुरती हातात घेतलेली. हे मी आधी समजावून सांगायची, मग नुसती मान हलवायची. शेवटी ऑपरेशन झालं आणि समजावून सांगायची सोयच उरली नाही.

अर्धी जीभ काढली. तिच्या जागी डाव्या मनगटाच्या वरचं मांस आणून शिवलं. डॉक्टर फार चांगले होते, त्यांच्या हाताला यश आहे, मी आज जिवंत आहे ती त्यांच्यामुळे. पण त्या नव्या जिभेला काही कळत नाही. ती तोंडात पाहुण्यासारखी पडून असते. र, ल, ट, ड ही अक्षरं माझ्याकडून गेली. पुढे रेडिएशन झालं आणि तोंडातली लाळ आटली. घास गिळायला पाणी, चार शब्द बोलायला पाणी, रात्री कूस बदलली तरी पाणी. बाटली कायम माझ्या काखेत.

आणि मी गाणारी बाई होते. धरमपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं महिलांचं भजनी मंडळ आहे. दर सोमवारी बसतो. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी त्यात गाते. हे, म्हणजे माझे यजमान, हिंगण्याच्या कंपनीत पाळीने कामाला जायचे. त्यांची पाळी आणि माझा सोमवार जुळवता जुळवता आमचा संसार झाला. पेटीवर माझी मैत्रीण शकुन आणि पहिली ओळ माझी, हे ठरलेलं होतं. महादेवाचं नाव घेताना माझा आवाज जरा जास्तच उघडतो, असं बायका म्हणायच्या. त्याच नावातला द आता माझ्या तोंडून नीट निघत नाही.

ज्या जिभेने त्याचं नाव घेतलं तीच त्याने का घ्यावी, हे मी कोणाकोणाला विचारलं. लिहूनच विचारावं लागायचं. कोणी म्हणालं मागच्या जन्माचं, कोणी म्हणालं परीक्षा पाहतो, एका नातेवाईक बाईने तर मोठं प्राक्तन आहे तुझं असं सांगून माझ्या हातावर अंगारा ठेवला. मी तो खिडकीबाहेर झटकला. देवघरातला दिवा हे लावायचे. मी त्या खोलीकडे पाठ करून भाजी निवडायची. देव नाही असं मला वाटत नव्हतं, वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. तो आहे, आणि त्याने हे केलं, असं मला वाटत होतं.

रामटेकच्याही पलीकडे, मध्य प्रदेशाची हद्द जवळ येते तिथे सागाच्या रानात एक डोंगर आहे. आम्ही त्याला तीन पाण्यांचा डोंगर म्हणतो, कारण पायवाटेवर तीन झरे लागतात. खालचं पाणी अर्जुनाच्या झाडाच्या मुळांतून येतं, मधलं एका खडकाच्या परातीत साचतं आणि वरचं पाणी कपारीतल्या महादेवावर थेंब थेंब पडत राहतं. महादेव म्हणजे कोणी घडवलेला नाही, आपोआप गोल झालेला दगड. महाशिवरात्रीची गर्दी ओसरली की आमचं मंडळ तिथे जातं. खाली पाणी प्यायचं, मध्ये तोंड धुवायचं आणि वर जाऊन गायचं, अशी आमची रीत.

ऑपरेशननंतरच्या त्या वर्षी मला कोणी बोलावलं नाही. वाईट हेतूने नव्हे. सगळ्यांना वाटलं, हिला त्रास नको. मीच शकुनला कागदावर लिहून दिलं की मी येणार आहे. ती कागद वाचून म्हणाली, "येजो ना वं. पण तू खालच्या पाण्यापाशीच बस. सामानाजवळ कोणी पायजेच. आम्ही वर जाऊन येतो, तवर तू सावलीत आराम करजो."

दर वर्षी मी ज्या बायकांच्या पुढे चढायची त्यांची सामानवाली होणार होते.

घरी यांनाही सांगितलं. बोलायला मला कठीण जातं म्हणून हेही हल्ली कमीच बोलतात. "दर्शनाले चालली का?" यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. "मग कायले?" मी तोंडात पाणी घेतलं, गिळलं आणि जमेल तसं सांगितलं, भांडायला. यांना ते बरोबर कळलं. "जाय," हे म्हणाले, "पण मोठी बाटली घेऊन जाय."

आमची गाडी डोंगराखाली पोचली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. रानात पळस पेटलेला होता आणि सागाची पानं इतकी गळली होती की पायवाट कुठे आणि रान कुठे ते कळत नव्हतं. बायका नाश्त्याच्या पुड्या सोडत होत्या. त्यांचं लक्ष नाही असं पाहून मी उठले आणि चालू लागले. मागून कोणीतरी हाक मारली, मी वळले नाही. खालचं पाणी प्यायले नाही. मधल्या पाण्याने तोंड धुतलं नाही. रीत मोडायची म्हणूनच मोडली. दम लागला की झाडाला धरून उभी राहायची, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायची आणि पुन्हा निघायची. पायाखाली पानं अशी वाजत होती की मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता.

वर कपारीत कोणी नव्हतं. शिवरात्रीच्या माळा सुकून पडल्या होत्या. मी हात जोडले नाहीत, चप्पलही काढली नाही. समोरच्या खडकावर बसले आणि त्याच्याकडे पाहिलं. फाल्गुन लागला होता तरी पाणी चालूच होतं. एक थेंब पडला, थोडा थांबून दुसरा पडला. दगड ओला, काळा, तृप्त दिसत होता. माझ्या घशात मात्र कोरड पडली होती, आणि ते पाहून माझ्या अंगाचा असा भडका उडाला की काय सांगू.

मी बोलू लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मोठ्याने. तुझ्या डोक्यावर बारा महिने पाणी आणि माझ्या तोंडात थेंब नाही, हा कुठला न्याय, असं विचारलं. तुला गाणं नको होतं तर आधीच सांगायचं होतंस, मी दुसऱ्या देवाकडे गेले असते. माझे पाय घ्यायचे होते, डोळे घ्यायचे होते, जिभेलाच का हात घातलास? माझ्या तोंडून यातलं काहीही धड निघत नव्हतं. कपारीत आवाज घुमतो, त्यामुळे प्रत्येक फुटका शब्द परत माझ्याच कानावर आदळत होता. पहिल्यांदा मला त्या आवाजाची लाज वाटली. मी इकडेतिकडे पाहिलं. मग वाटलं, लाज मला का? ज्याने केलं त्याला वाटू दे. आणि मी आणखी मोठ्याने सुरू केलं.

किती वेळ ते चाललं मला माहीत नाही. घसा सुकला की पाणी प्यायची आणि पुन्हा तेच. कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी खडकावर हाताने थाप देते आहे आणि माझं भांडण त्या थापेवर पडतं आहे. ठरवून नव्हे. इतक्या वर्षांची सवय, शब्द गेले तरी ताल कुठे जाणार? म्हटलं, असू दे, तालात भांडू. मग मी सूर धरला आणि जे होतं नव्हतं ते सगळं त्या दगडावर ओतलं.

मागे पानं वाजली. मला वाटलं शकुन आली. वळून पाहिलं तर एक म्हातारी बाई, झाडाला धरून उभी. लुगडं काट्यांनी फाटलेलं, पायात एकच चप्पल, ओठ पांढरे पडलेले. ती तिथेच बसली. मी धावत गेले, बाटली तिच्या तोंडाला लावली. ती इतकं पाणी प्यायली की बाटली संपली. मग मी ती बाटली महादेवाच्या डोक्यावर पडणाऱ्या थेंबांखाली धरली, अगदी त्याच्या वाटणीचं पाणी हिसकावून घेतल्यासारखी, आणि थोडं थोडं भरून तिला पुन्हा पाजलं.

जरा हुशारी आल्यावर ती म्हणाली, "बाई, तू ही गा रही थी ना?"

मी हातानेच नाही म्हटलं. सांगायचा प्रयत्न केला की गात नव्हते, भांडत होते. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मेरे को कुछ समझ नहीं आया. कौन सी बोली है तुम्हारी?"

तिला माझं बोलणं बिघडलेलं वाटलंच नव्हतं. तिला ती एक वेगळी भाषा वाटली होती, कुठल्यातरी लांबच्या गावची. मला हसू फुटलं. दवाखान्यातून आल्यापासून मी हसले नव्हते. मी हसते आहे म्हणून तीही हसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

ती छिंदवाड्याकडची. मुलासुनेबरोबर पहाटेच दर्शनाला आली होती. उतरताना लघवीला म्हणून बाजूला गेली आणि पानांच्या गालिच्यात तिला वाटच सापडेना. मुलाला वाटलं आई सुनेबरोबर पुढे गेली, सुनेला वाटलं मुलाबरोबर मागे आहे. ती भलत्याच घळीत उतरत गेली. हाका मारून आवाज बसला, तेव्हा उताराकडेच गाव असेल असं समजून खाली खाली निघाली. "फिर तेरा गाना सुनाई दिया," ती म्हणाली, "तो मैं पलट गई."

मी तिला धरून खाली घेऊन निघाले. मधल्या पाण्यापाशी आमच्या बायका भेटल्या. शकुन रडत रडतच माझ्या अंगावर आली. "एकटी काहून गेली वं? जीव खाल्ला तू आमचा!" मग तिचं लक्ष म्हातारीकडे गेलं आणि तिने पुढचे शब्द गिळून म्हातारीची दुसरी बाजू धरली.

खाली तिचा मुलगा वेड्यासारखा फिरत होता. वनखात्याचा एक रखवालदार आला होता. ती कुठल्या घळीत उतरली होती ते त्याने विचारून घेतलं आणि म्हणाला, "ते घळ पुढं कड्यावर संपते, माय. खाली सरळ दरी आहे. अन् मोहफुलाच्या दिवसात अस्वल तिथंच राह्यते." मुलाने ते ऐकलं आणि माझे पाय धरले. आपके रूप में महादेव आ गए, असं काहीतरी तो म्हणत होता. मी पाय मागे घेतले. महादेव वर आहे, मी त्याच्याशी भांडायला आलेली बाई आहे, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. त्यालाही काही समजलं नाही. त्याने पुन्हा नमस्कार केला.

ही गोष्ट मंडळात निघाली तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, "पाहा, याच्यासाठीच देवाने तुझी जीभ घेतली. म्हणून तू वर जाऊन ओरडली, म्हणून ती वाचली." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी पाटीवर लिहून त्यांना दाखवलं, की त्या म्हातारीला वाचवायचे त्याच्याकडे शंभर मार्ग होते, माझी जीभ कापण्याची गरज नव्हती. तुम्ही त्याची वकिली करू नका. त्या चिडल्या. चिडू देत. माझ्या दुखण्याला कोणी किंमत लावून त्याचा सौदा जमवला, तर ते मी ऐकून घेणार नाही.

पण एक गोष्ट मी नाकारू शकत नाही. मी दुखावलेली, रीत मोडून, चप्पल घालून, शिव्या देत त्याच्या दारात बसले होते आणि त्याने मला हाकललं नाही. माझं ते फुटकं भांडण त्याने घेतलं आणि जिथे त्याची गरज होती तिथे पोचवलं. त्या म्हातारीच्या कानापर्यंत ते गाणं होऊन गेलं. हे कसं झालं ते मला माहीत नाही. वारा तिकडचा असेल, घळीमुळे आवाज गेला असेल. मी वाद घालत नाही. त्याचे उपकार मात्र मानते, आणि ते मानताना माझी मान खाली जात नाही.

आता मी सोमवारी पुन्हा बसते. शब्द बाकीच्या बायका म्हणतात, मी त्यांच्या वर सूर लावते. एका नव्या बाईने शकुनला हळूच म्हटलं, यांचे शब्द कळत नाहीत हो. शकुन पेटी न थांबवता म्हणाली, "तुले कळाले पायजे म्हणून गाऊन राहिली का ते?"

शरण जाणं म्हणजे वाकणं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. मी तसं कितीदा वाकले असेन, पण तेव्हा मनात काही ना काही मागे ठेवलेलं असायचं. भीती असायची, मागणं असायचं, चांगलं दिसण्याची हौस असायची. त्या दिवशी कपारीत मी हातचं काही राखलं नाही. माझ्याजवळ राग होता, तो सगळा त्याला दिला. याहून मोठं समर्पण माझ्याकडून कधी झालं नव्हतं, असं आता वाटतं.

यंदा फाल्गुनात पुन्हा जायचं आहे. हे सोबत येतो म्हणतात. मी यांना मधल्या पाण्यापर्यंतच या, असं सांगून ठेवलं आहे. वर मला एकटीलाच जायचं आहे. माझं अजून सगळं बोलून झालेलं नाही.